अर्थसंकल्पावर लक्ष ठेवणारे पद रिक्त राहिले तर नेमके काय बिघडते?

प्रश्न (ऐरोली, नवी मुंबई येथून): कॅनडाच्या संसदीय अर्थसंकल्प अधिकाऱ्याची मुदत संपली तरी कायम नेमणूक झाली नाही, म्हणून तिकडे बरीच टीका झाल्याचे वाचले. आपल्याकडे महापालिकांतील मुख्य लेखापरीक्षकासारखी पदे अनेकदा अतिरिक्त कार्यभारावर चालतात आणि कोणाला काही फरक पडल्याचे दिसत नाही. कर्मचारी तेच, कायदा तोच. मग वरचे एक पद काही महिने रिक्त राहिले तर खरोखर नुकसान होते, की ही केवळ तत्त्वाची चर्चा आहे?

उत्तर:

आपले निरीक्षण बरोबर आहे. पद रिक्त झाले म्हणून कार्यालयाला कुलूप लागत नाही. लेखापरीक्षकांची पथके विभागांत जातात, नस्त्या (फाइली) मागवतात, अर्धसमास पत्रे, म्हणजे शंका विचारून विभागाचे उत्तर मागणारी पत्रे, देतात आणि यथावकाश एक अहवालही तयार होतो. मी राज्याच्या वित्त व लेखा सेवेत होतो, सध्या ठाण्यात राहतो, आणि नोकरीचा मोठा भाग स्थानिक संस्थांच्या लेखापरीक्षणात गेल्यामुळे कायम अधिकारी असलेली कार्यालये पाहिली आहेत, तशीच दीर्घकाळ प्रभारी अधिकाऱ्यावर चाललेलीही पाहिली आहेत. दोन्हींकडील आक्षेपांची नुसती संख्या मोजली तर फारसा फरक आढळणार नाही. फरक असतो तो आक्षेप कधी निघाला, त्याची शेवटची ओळ काय होती आणि उत्तर न आल्यावर पुढे काय झाले, या तीन ठिकाणी. नुकसान होते, पण ते बाहेरून मोजता येईल अशा जागी होत नाही, म्हणूनच पद रिक्त ठेवणे इतके सोपे जाते.

आपण कॅनडाचा उल्लेख केला आहे, म्हणून आधी तिथली वस्तुस्थिती. तेथील हे पद २००६ च्या एका कायद्याने निर्माण झाले आणि केविन पेज हे २००८ मध्ये पहिले अधिकारी झाले. सरकारच्या अंदाजांची स्वतंत्रपणे तपासणी करायची, मोठ्या योजनांचा खर्च स्वतः काढायचा आणि तो सरकारच्या आधी किंवा सरकारबरोबरच खासदारांपुढे ठेवायचा, हे या कार्यालयाचे काम. मार्च २०११ मध्ये पेज यांनी एफ-३५ लढाऊ विमानांच्या खरेदीचा तीस वर्षांचा खर्च सुमारे २९.३ अब्ज डॉलर काढला. सरकार सांगत असलेल्या रकमेच्या तो जवळजवळ दुप्पट होता, आणि वर्षभराने तेथील महालेखापरीक्षकांनीही संसदेला पूर्ण खर्च सांगितला गेला नव्हता असा निष्कर्ष नोंदवला. मार्च २०१३ मध्ये पेज यांची पाच वर्षांची मुदत संपली तेव्हा उत्तराधिकारी ठरलेला नव्हता; संसदेच्या ग्रंथपालांकडे हंगामी कार्यभार देण्यात आला आणि ज्याँ-देनी फ्रेशेत यांची नेमणूक सप्टेंबरमध्ये झाली. पुढे २०१७ मध्ये कायदा सुधारून, तोवर संसदेच्या ग्रंथालयाचा भाग असलेले हे पद त्याच्या छत्राखालून बाहेर काढण्यात आले, ते थेट संसदेचे अधिकारी झाले आणि मुदत सात वर्षांची करण्यात आली. या सुधारित कायद्याखाली २०१८ मध्ये नेमलेले इव्ह जिरू यांची मुदत सप्टेंबर २०२५ च्या आरंभी संपली, आणि तेव्हाही कायम नाव तयार नव्हते. त्याच कार्यालयातील जेसन जॅक यांना सहा महिन्यांसाठी हंगामी नेमण्यात आले. मुदत संपण्याची तारीख नेमणुकीच्या दिवसापासून, म्हणजे सात वर्षे आधी, सर्वांना ठाऊक होती ही गोष्ट इथे महत्त्वाची आहे. आकस्मिक मृत्यू किंवा राजीनामा यामुळे पद रिकामे होणे वेगळे, आणि ठाऊक असलेली तारीख उलटू देणे वेगळे.

आता आपल्याकडे वळू, कारण आपल्या प्रश्नाचा गाभा इकडचाच आहे. कॅनडातील पद खर्च होण्याआधी बोलते. आपल्याकडील पदे प्रामुख्याने खर्च झाल्यावर बोलतात. केंद्र व राज्य पातळीवर भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक आहेत, तर महापालिकेच्या पातळीवर मुख्य लेखापरीक्षक. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात या अधिकाऱ्याचे काम स्पष्ट लिहिलेले आहे. कलम १०५ नुसार त्याने महापालिकेच्या लेख्यांची दर आठवड्याला तपासणी करून स्थायी समितीला अहवाल द्यायचा असतो, आणि त्यासाठी सर्व लेखे, अभिलेख व पत्रव्यवहार पाहण्याचा अधिकार त्याला असतो. कलम १०६ नुसार खर्चात किंवा येणे रकमांच्या वसुलीत कोणतीही गंभीर अनियमितता आढळली तर ती त्याने स्थायी समितीला कळवायची, समितीने ती महासभेपुढे ठेवायची, आणि नवे वर्ष सुरू झाल्यावर शक्य तितक्या लवकर मागील संपूर्ण वर्षाच्या लेख्यांवरचा अहवाल सादर करायचा. यातील साप्ताहिक हा शब्द फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. कायदा करणाऱ्यांना वर्षभराने येणारे शवविच्छेदन अपेक्षित नव्हते. पैसा अजून हातात असताना कोणीतरी तो पाहावा, अशी त्यांची कल्पना होती. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी तपासणी काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी मागे चालते, आणि पद रिक्त असणे हे त्या मागे पडण्याचे एक मोठे कारण असते.

अतिरिक्त कार्यभार म्हटले की सगळे प्रकार एकाच मापाने मोजले जातात, म्हणून ते वेगळे करून पाहायला हवेत. लेखापरीक्षण विभागातीलच उपमुख्य लेखापरीक्षकाकडे कार्यभार दिला जातो तेव्हा कामाची माहिती असलेला माणूस त्या जागी असतो, पण तो महापालिकेचा कायम कर्मचारी असतो. त्याची पदोन्नती, गोपनीय अहवाल, सेवानिवृत्तीचे लाभ आणि उद्याची बदली हे सर्व ज्यांच्या खर्चावर तो आक्षेप घेणार त्यांच्याच हातात असते. दुसऱ्या संस्थेतील अधिकाऱ्याला दोन ठिकाणी बसवले जाते तेव्हा स्वातंत्र्य बऱ्यापैकी शाबूत राहते, पण वेळ नसतो. आठवड्यातील दोन दुपारी येऊन तो समोर ठेवलेल्या नस्त्यांवर सह्या करतो आणि जी नस्त समोर आली नाही ती मागवण्याइतकी त्याला उसंत नसते. तिसरा प्रकार सर्वांत वाईट. त्याच महापालिकेतील लेखा किंवा वित्त शाखेच्या अधिकाऱ्याकडे लेखापरीक्षणाचाही कार्यभार देणे, म्हणजे ज्याने देयक मंजूर केले त्यानेच ते तपासणे. अशी व्यवस्था आठवडाभरासाठी सुद्धा करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा पद उघडपणे रिकामे राहिलेले बरे, कारण रिकाम्या पदाबद्दल निदान प्रश्न तरी विचारता येतो.

प्रभारी अधिकारी भ्रष्ट किंवा भित्रा असतोच असे मला सुचवायचे नाही. मी पाहिलेल्या प्रभारींपैकी काही जण नियमित अधिकाऱ्यांपेक्षा अभ्यासू होते. पण पदाचे संरक्षण नसताना माणूस आपोआप शब्द सांभाळून वापरतो, आणि लेखापरीक्षणात सगळा जोर शेवटच्या वाक्यावर असतो. एकाच वस्तुस्थितीवर तीन प्रकारचे शेवट लिहिता येतात. ‘जादा प्रदान झालेली रक्कम संबंधितांकडून वसूल करून भरणा चलन लेखापरीक्षणास दाखवावे’ असा शेवट असेल, तर तो परिच्छेद, म्हणजे अहवालातील तो आक्षेप, बंद होण्यासाठी चलन दाखवावेच लागते. ‘याबाबत खात्री करून खुलासा करावा’ असा असेल, तर दोन पानांच्या उत्तरावर तो बंद करता येतो. आणि ‘भविष्यात दक्षता घ्यावी’ असा असेल, तर लिहिण्यापूर्वीच तो बंद झालेला असतो. कायम अधिकारी बदलून प्रभारी आला की मसुद्यांतील पहिल्या प्रकारची वाक्ये दुसऱ्या प्रकारात आणि दुसऱ्या प्रकारची तिसऱ्यात उतरू लागतात. आक्षेपांची संख्या तीच राहते, किंबहुना किरकोळ आक्षेप वाढल्याने ती कधी वाढतेही. वार्षिक अहवालाच्या शेवटी जोडलेल्या तक्त्यातून हे कोणाला दिसणार नाही.

वेळेचा मुद्दा याहून कठोर आहे, कारण शब्द पुन्हा लिहिता येतात पण उलटलेली मुदत परत येत नाही. एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एका रस्त्याच्या काँक्रिटीकरणाचे काम ८ कोटी रुपयांचे आहे आणि करारानुसार ५ टक्के, म्हणजे ४० लाख रुपये, सुरक्षा अनामत म्हणून महापालिकेकडे जमा आहेत. भाववाढीचा फरक काढताना पायाभूत महिना चुकीचा धरला गेला आणि ठेकेदाराला २२ लाख रुपये जास्त गेले. अनामत परत करण्यापूर्वी हा आक्षेप निघाला, तर २२ लाख त्यातून वळते होतात. ठेकेदार कुरकुरतो, प्रसंगी लेखी हरकत घेतो, पण पैसे महापालिकेच्या तिजोरीत असतात. तोच आक्षेप दोन वर्षांनी, दोषदायित्व कालावधी (कामातील दोष ठेकेदाराने दुरुस्त करून देण्याचा काळ) संपून अनामत परत गेल्यावर निघाला, तर पत्रव्यवहार सुरू होतो. ठेकेदार म्हणतो की अंतिम देयक उभयपक्षी मान्य होते. विभाग म्हणतो की मोजमाप पुस्तिका अभिलेख कक्षात सापडत नाही. तोवर कनिष्ठ अभियंत्याची बदली झालेली असते. करारातून येणाऱ्या रकमेसाठी दिवाणी दाव्याची मुदत सामान्यतः तीन वर्षांची असते. निवृत्त कर्मचाऱ्याविरुद्ध विभागीय चौकशी सुरू करायची तर निवृत्तिवेतन नियमांनुसार घटना चार वर्षांपेक्षा जुनी असून चालत नाही. म्हणजे पद दीड वर्ष रिक्त राहिले आणि नव्या अधिकाऱ्याला मागील काम उरकण्यात आणखी दीड वर्ष गेले, तर त्या काळातील अनेक आक्षेप कायद्याने वसुलीयोग्य उरतच नाहीत. ते अहवालात येतात, प्रलंबित परिच्छेदांच्या यादीत वर्षानुवर्षे राहतात आणि शेवटी कोणीतरी निर्लेखनाचा, म्हणजे रक्कम बुडीत धरून सोडून देण्याचा, प्रस्ताव ठेवतो.

आपल्या प्रश्नात कर्मचारी तेच, कायदा तोच असे जे म्हटले आहे, त्याचा खरा प्रतिवाद यात आहे. कर्मचारी तेच असतात, पण कनिष्ठ लेखापरीक्षकाने नस्त मागितली आणि विभागप्रमुखाने ती दिली नाही, तर पुढे जायला वर कोणीतरी लागतो. कायद्याने दिलेला प्रवेशाचा अधिकार हा त्या वरच्या पदाला दिलेला आहे. ते पद आयुक्तांना लिहू शकते, समितीला कळवू शकते आणि तरीही अभिलेख न मिळाल्यास ‘अभिलेख उपलब्ध करून दिले नाहीत’ असे अहवालात नोंदवू शकते. वरचा अधिकारी आपल्यामागे उभा राहणार नाही हे कळले की खालची पथकेही जे सहज मिळते तेवढेच तपासतात. आस्थापना, प्रवासभत्ते, किरकोळ खरेदी यांवर मग चोख आक्षेप निघतात, आणि मोठ्या कामांच्या नस्त्यांना कोणी हात लावत नाही.

हंगामी नेमणूक नेहमीच निष्प्रभ असते काय? नाही, आणि याचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेतील आहे. तेथील महालेखापाल, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या संसदीय संस्थेचे प्रमुख, डेव्हिड वॉकर यांनी मार्च २००८ मध्ये पद सोडल्यावर जीन डोडारो यांनी डिसेंबर २०१० पर्यंत, म्हणजे अडीच वर्षांहून अधिक काळ हंगामी म्हणून काम केले, तेही आर्थिक संकट आणि मदतीच्या मोठमोठ्या योजनांच्या काळात, आणि संस्थेची पत ढासळली नाही. अखेरीस त्यांचीच पंधरा वर्षांसाठी कायम नेमणूक झाली. पण ती संस्था १९२१ पासूनची, हजारो कर्मचाऱ्यांची आणि थेट संसदेला उत्तरदायी असलेली आहे. त्याच देशातील खात्यांच्या महानिरीक्षकांकडे, म्हणजे प्रत्येक खात्यातील गैरव्यवहार आतून तपासणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, पाहिले तर चित्र बदलते. परराष्ट्र खात्यात २००८ पासून २०१३ पर्यंत कायम महानिरीक्षक नव्हता. संरक्षण खात्यात, ज्याच्याएवढे अंदाजपत्रक जगात दुसऱ्या कोणत्याही संरक्षण खात्याचे नाही, जानेवारी २०१६ नंतर हे पद २०२२ च्या अखेरपर्यंत हंगामी अधिकाऱ्यांवर चालले. तेथील हंगामी महानिरीक्षक ग्लेन फाइन यांना मार्च २०२० च्या अखेरीस करोना मदतनिधीच्या देखरेख समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांच्या समव्यावसायिकांनी निवडले, आणि काही दिवसांतच एका आदेशाने त्यांचे हंगामी पद काढून घेण्यात आले, त्यामुळे समितीचे अध्यक्षपदही गेले. कायम महानिरीक्षकांनाही तिथे काढले गेले आहे; परंतु त्यासाठी संसदेला आगाऊ लेखी कळवण्याची अट आहे, आणि हंगामी माणसासाठी तेवढाही अडसर नसतो.

आपल्या राज्यघटनेने या बाबतीत महालेखापरीक्षकाची जी काळजी घेतली आहे ती वाखाणण्यासारखी आहे. अनुच्छेद १४८ नुसार त्यांना सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाप्रमाणेच पदावरून दूर करता येते, आणि पद सोडल्यावर केंद्र वा राज्य सरकारचे कोणतेही पद स्वीकारता येत नाही. मुदत सहा वर्षे किंवा वयाची ६५ वर्षे, यांपैकी जे आधी येईल ते. कार्यवाह महालेखापरीक्षक नेमण्याची तरतूद त्या अनुच्छेदात नाही. १९७१ च्या अधिनियमाच्या कलम २१ ने अधिकार प्रदान करण्याची सोय केली आहे, पण राष्ट्रपतींना किंवा राज्यपालांना सादर करायचा अहवाल दुसऱ्या अधिकाऱ्याने सादर करणे हे महालेखापरीक्षक रजेवर वा अन्यथा अनुपस्थित असतील तेव्हाच शक्य आहे. व्यवहारात या पदावर पोकळी येऊ दिली जात नाही. गिरीशचंद्र मुर्मू यांची मुदत नोव्हेंबर २०२४ मध्ये संपली आणि के. संजय मूर्ती यांनी २१ नोव्हेंबरला शपथ घेतली. नेमणुकीची पद्धत पूर्णपणे सरकारच्या हातात आहे ही टीका रास्त आहे. तरीही वेळेवर माणूस येतो. दिल्लीत जे जमते ते महापालिकेच्या पातळीवर न जमण्याचे कारण इच्छाशक्ती इतकेच सांगून भागणार नाही.

कारणे बरीचशी कंटाळवाणी आहेत. मुख्य लेखापरीक्षक बहुधा राज्य सेवेतून प्रतिनियुक्तीवर येतो. त्या सेवेतील वरिष्ठ पदेच पुरेशी भरलेली नसतात. ज्येष्ठतेच्या यादीवर न्यायालयात किंवा न्यायाधिकरणात वाद चालू असतो. वित्त विभाग आणि नगरविकास विभाग यांच्यात नस्त फिरत राहते. आणि आलेल्या अधिकाऱ्याला पहिल्या वर्षातच इतका विरोध होतो की तोच परत जाण्यासाठी अर्ज करतो. यात प्रत्येक वेळी कट शोधू नये. परंतु एक पडताळा मी सुचवीन. ज्या पदाच्या सहीशिवाय देयक निघत नाही किंवा बांधकामाचा नकाशा मंजूर होत नाही, ते पद किती दिवस रिकामे राहते ते पाहावे. तिथेही प्रतिनियुक्ती असते, ज्येष्ठतेचे वाद असतात, आणि तरीही दोन-चार दिवसांत आदेश निघतो. ज्या पदाच्या अनुपस्थितीने कोणाचे काम अडत नाही, उलट काहींचे सुकर होते, त्याची नस्त सावकाश चालते.

ठाणे आणि नवी मुंबईच्या संदर्भात आणखी एक रिक्त जागा लक्षात घ्यावी लागेल, आणि माझ्या मते ती लेखापरीक्षकाच्या जागेइतकीच मोठी होती. नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये. त्यानंतर दोन्हीकडे प्रशासक होते आणि निवडणुका थेट १५ जानेवारी २०२६ रोजी झाल्या. या काळात महासभा नव्हती आणि स्थायी समितीही नव्हती. त्यांचे अधिकार प्रशासक म्हणून आयुक्तांकडेच होते. आता वर सांगितलेली कलमे या परिस्थितीला लावून पाहावीत. मुख्य लेखापरीक्षकाने अनियमितता कळवायची ती स्थायी समितीला, समितीने ती ठेवायची महासभेपुढे, आणि समिती व महासभा या दोन्हींच्या जागी तेच आयुक्त, ज्यांच्या प्रशासनाचा खर्च तपासला गेला आहे. खेळणाऱ्यानेच पंचाची शिट्टी गळ्यात अडकवावी असा हा प्रकार झाला. त्या काळातील आयुक्तांच्या सचोटीविषयी मला काहीही म्हणायचे नाही. व्यवस्थाच अशी होती. नवी मुंबईत साडेपाच वर्षांहून अधिक आणि ठाण्यात जवळजवळ चार वर्षे, लेखापरीक्षक पदावर असला तरी त्याचा अहवाल ज्याने वाचून जाब विचारायचा तो वाचकच जागेवर नव्हता. लोकनियुक्त सभागृह परत आल्यावर या मधल्या वर्षांचे अहवाल नव्या स्थायी समितीने मागवून घेणे हे तिचे पहिले काम असायला हवे, कारण त्यांतील वसुलीच्या मुदती रोज संपत आहेत.

अंदाजपत्रकाविषयी, म्हणजे खर्चापूर्वीच्या तपासणीविषयी, आपल्याकडे पद रिक्त असण्याचा प्रश्नच येत नाही, कारण ते पदच नाही. महापालिकेचे अंदाजपत्रक आयुक्त स्थायी समितीला सादर करतात, समिती त्यात भर घालते, महासभा आणखी भर घालते. मालमत्ता कर, पाणीपट्टी, विकास शुल्क, शासकीय अनुदान यांतून पुढील वर्षी नेमके किती येईल हा अंदाज स्वतंत्रपणे तपासणारे कोणी नाही. उत्पन्नाची बाजू फुगली की तेवढ्या कामांना प्रशासकीय मंजुरी मिळते, कामे निघतात, आणि पैसे न आल्याने देयके थकतात. त्यालाच पुढे महापालिकेवरील दायित्व असे नाव पडते आणि ते पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाच्या उरावर बसते. मुख्य लेखापरीक्षक हे पाहतो, पण दोन वर्षांनी. केंद्रातही हीच उणीव आहे. स्वतंत्र वित्तीय परिषद स्थापन करावी अशी शिफारस एकाहून अधिक वित्त आयोगांनी केली, एन. के. सिंह यांच्या अध्यक्षतेखालील समितीनेही २०१७ मध्ये केली. अशी परिषद अजून अस्तित्वात आलेली नाही. तेव्हा कॅनडात हंगामी अधिकारी नेमला म्हणून टीका झाली, ती एका अर्थाने आपल्याला न परवडणारी चैन आहे.

ब्रिटनने या प्रश्नावर रचनेतून एक उत्तर काढले आहे. २०१० मध्ये स्थापन झालेले तेथील अंदाजपत्रकीय उत्तरदायित्व कार्यालय एका माणसावर अवलंबून नाही. तीन सदस्यांची समिती अंदाजांची जबाबदारी घेते. नोव्हेंबर २०२५ च्या अंदाजपत्रकाच्या दिवशी कार्यालयाचा अहवाल अर्थमंत्र्यांच्या भाषणाआधीच उघड झाला आणि त्यावरून अध्यक्ष रिचर्ड ह्यूज यांनी १ डिसेंबरला राजीनामा दिला, तरी उरलेल्या दोन सदस्यांवर काम चालू राहू शकले. त्याच कार्यालयाला बाजूला सारले की काय होते हेही तिथेच दिसले आहे. २३ सप्टेंबर २०२२ रोजी अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी मोठ्या करकपातीची घोषणा या कार्यालयाचा अंदाज न घेता केली. पौंड घसरला, सरकारी रोख्यांचे व्याजदर उसळले आणि २८ सप्टेंबरला बँक ऑफ इंग्लंडला रोखे खरेदीसाठी उतरावे लागले. करकपातीची रक्कम हे याचे मोठे कारण होतेच, पण स्वतंत्र आकडा मुद्दाम टाळला गेला आहे हे बाजाराने तितकेच गंभीरपणे घेतले. महापालिकेला रोखेबाजाराचा असा धाक नसतो, म्हणून तिथे कायद्याचाच धाक हवा.

सुधारणा कोणत्या हव्यात याची यादी लांबवता येईल, मी दोनच महत्त्वाच्या मानतो. मुदत संपलेला मुख्य लेखापरीक्षक, उत्तराधिकारी प्रत्यक्ष रुजू होईपर्यंत, एका ठरावीक कमाल कालावधीच्या मर्यादेत पदावर राहील, अशी तरतूद असावी. म्हणजे नेमणूक लांबवून कोणाचा फायदा होणार नाही. आणि लेखा, वित्त किंवा खर्च करणाऱ्या कोणत्याही विभागाच्या अधिकाऱ्याकडे लेखापरीक्षणाचा कार्यभार देण्यास स्पष्ट मनाई असावी. बाकी संगणकीकरण, प्रशिक्षण वगैरे सर्व चांगलेच आहे, पण ते या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

आपण नवी मुंबईचे रहिवासी म्हणून विचारले आहे, तेव्हा आपल्याला करता येण्याजोगे सांगतो. माहितीच्या अधिकाराखाली १० रुपये शुल्क भरून महापालिकेच्या लेखापरीक्षण विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. अर्जात ‘भ्रष्टाचाराची माहिती द्यावी’ असे मोघम काही लिहू नये. ते फेटाळण्यास सोपे जाते. मुख्य लेखापरीक्षक पदावर गेल्या पाच वर्षांत कोण कोण होते, प्रत्येकाची नेमणूक नियमित होती की अतिरिक्त कार्यभार, कार्यभार असल्यास त्या वेळी त्यांचे मूळ पद कोणते, आणि संबंधित आदेशांच्या प्रती, एवढे मागावे. त्याच अर्जात विभागातील मंजूर पदे व भरलेली पदे यांचा तक्ता मागावा. दुसरा अर्ज स्वतंत्र करावा आणि त्यात कलम १०६ खालील शेवटचा वार्षिक अहवाल कोणत्या वर्षाचा आहे, तो कोणत्या तारखेला स्थायी समितीपुढे वा प्रशासकांपुढे ठेवला गेला, तसेच प्रलंबित आक्षेपांपैकी वसुलीपात्र रकमेचे वर्षनिहाय विवरण मागावे. उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. कार्यभाराचे आदेश आणि वर्षनिहाय विवरण ही दोन कागदपत्रे शेजारी ठेवली की पद रिक्त किंवा प्रभारी असलेल्या काळात वसुलीपात्र आक्षेप घटले का, हे आपल्याला माझ्या मतावर विसंबून न राहता स्वतःच पाहता येईल. त्या प्रती आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाकडे द्याव्यात, आणि तो स्थायी समितीचा सदस्य नसेल तर जो आहे त्याच्याकडेही द्याव्यात. कलम १०५ ने लेखे तपासण्याचा स्वतंत्र अधिकार समितीलाही दिलेला आहे, आणि तो वापरला जावा यासाठी कोणीतरी तिला आधी आकडे नेऊन द्यावे लागतात. जिल्हा परिषद किंवा नगरपालिकेसारख्या संस्थेबाबत प्रश्न असेल, तर स्थानिक निधी लेखापरीक्षा संचालनालयाचे मुख्यालय बेलापूरच्या कोकण भवनात, आपल्यापासून थोड्याच अंतरावर आहे; तिथे हेच दोन अर्ज किरकोळ फेरफार करून चालतील.